पांढरीतली माय

माय गेल्यावर आमच्या घरातून सगळ्यात आधी आवाज गेले. पाचोऱ्याचं आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा, मागे न्हाणी. माय असताना तिथे काही ना काही वाजतच असायचं. खलबत्ता, बांगड्या, चुलीत तडतडणारी कपाशीची काटकी, आणि काम करता करता स्वतःशीच चाललेलं तिचं गुणगुणणं. ती गेली आणि भांडीसुद्धा हळूच ठेवली जाऊ लागली. नाना, म्हणजे माझे वडील, मुळात कमी बोलणारे. आता ते फक्त विचारण्यापुरतं बोलत. दूध आलं का, दार लावलं का. मी हो म्हणे, की आमचं संभाषण संपे. मायला जळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे जामनेरला होते. ताप डोक्यात गेला, असं मला सांगण्यात आलं. मला आणलं तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. ओट्यावर बायका बसल्या होत्या. मला पाहून त्या बोलायच्या थांबल्या, एवढंच त्या दिवसातलं माझ्या लक्षात आहे.

नाना सरकारी खात्यात चित्रं काढायचे. म्हणजे देखावे किंवा माणसं नव्हेत. जिथे उत्खनन चालू असे तिथे जाऊन खड्ड्यांचे नकाशे काढायचे, सापडलेली खापरं आणि भांडी मोजून कागदावर उतरवायची, हे त्यांचं काम. एरवी ते हिवाळाभर बाहेर असत आणि आम्ही मायलेकी घरी. त्या वर्षी काकूनं मला ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. नाना म्हणाले, "पोरगी माझ्याबरोबर येईल." काकू म्हणाली, तिची शाळा?  नानांनी माझी पुस्तकं एका पिशवीत भरली आणि आम्ही शिंदखेड्याच्या गाडीत बसलो. मी पंधरा वर्षांची होते. मला सोबत का नेलं, हे मी त्यांना पुढेही कधी विचारलं नाही. घरी एकटं परतायची वेळ येऊ नये म्हणून नेलं असणार. पण तेव्हा मला वाटलं, भाकरी करायला नेलंय.

शिंदखेड्यापासून पुढे नदीकाठचं ते गाव. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावाच्या कडेला एक उंच टेकाड होतं. त्याला सगळे पांढर म्हणत. जुनी वस्ती मोडून तयार झालेली राखेसारखी पांढुरकी माती. शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात टाकायला नेत, पीक चांगलं येतं म्हणून. माती नेता नेता त्यात रंगीत खापरं दिसू लागली आणि मग नानांची मंडळी तिथे आली. पांढरीच्या वरच्या अंगाला बोरीच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, होता. गावातल्या बायका मंगळवारी तिथे हळद वाहत. तिला नाव असं काही नव्हतं, पांढरीतली माय एवढंच. तांदळा हलवायचा नाही, या अटीवर गावानं खणायला परवानगी दिली होती. खड्डे तांदळ्याला वळसा घालून गेले होते.

आम्हाला देवकाअक्काच्या घरात ओसरीच्या बाजूची खोली भाड्यानं मिळाली. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, जाड मातीच्या भिंती, आत शिरलं की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा. अक्का पन्नाशीच्या आतबाहेरची असेल. अंगानं उंच, कपाळावर मोठं गोंदण. तिचा नवरा, आबा, दिवसभर शेतात असे. एकुलती एक लेक लता सुरतेला दिली होती. अक्काला बोलायला माणूस हवं असे आणि मी बोलत नसे. पहिल्या आठवड्यात ती रोज दाराशी येऊन उभी राही.

"का वं पोरी, एकलीच बठेल शे? जेवनी का?"

जेवले, असं मी म्हणे. ती आत येई, तव्यावरची माझी भाकरी उलटून बघे आणि काही न बोलता निघून जाई. थोड्या वेळानं एका वाटीत ठेचा नाहीतर भरीत आणून ठेवी. माझी भाकरी कडेला फाटायची. तिनं ती कशी थापायची हे मला शिकवलं नाही, फक्त एक दिवस माझ्या शेजारी बसून स्वतःची थापू लागली. मी बघत गेले. मायनंही मला असंच शिकवलं असतं बहुतेक. पण माय असताना मला अभ्यास असायचा.

दुपारी गावात कुणी नसे. सगळे वेचणीला. दूरवर पिठाच्या गिरणीचा फटफट आवाज, कुणाच्या तरी गोठ्यातली घंटा, आणि ओसरीवर नानांच्या पेन्सिलीची खरखर. काम वाढलं तसे ते दुपारी खापरांच्या टोपल्या घरी आणू लागले. मी एका कोपऱ्यात इतिहासाचं पुस्तक उघडून बसे, ते दुसऱ्या कोपऱ्यात. मधे ती ओसरी. मला आठवतं, मी अधूनमधून मुद्दाम पाण्याचा तांब्या वाजवी. त्यांनी मान वर करावी म्हणून. ते वर बघत, तहान लागली का असं विचारत, आणि परत खाली. आता मी धुळ्याला देवपुरात एकटी राहते, मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, आणि घर इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झाला तरी कळतं. पण त्या ओसरीइतकी शांतता मला परत भेटली नाही. दोन माणसांची शांतता एका माणसाच्या शांततेपेक्षा जड असते.

उन्हाळा लागता लागता ती मूर्ती सापडली. खणताना एका जुन्या घराची जमीन लागली होती. चोपून केलेली, शेणानं सारवल्यासारखी, कडेला चुलीची राख. चुलीजवळच्या कोपऱ्यात झाकण घातलेली मातीची वाटी निघाली आणि तिच्यात ही बाई. माझ्या तळहातात मावेल एवढी, न भाजलेल्या मातीची. रुंद कंबर, जाड मांड्या, छातीवर दोन गोळे. एक हात तुटलेला. आणि डोकं नाही. डोकं मोडलेलं नव्हतं, घडवणाऱ्यानं ते केलंच नव्हतं. मानेच्या जागी बोटानं गुळगुळीत केलेला उतार होता. पाणी लागलं तर विरघळेल म्हणून नाना तिला कापसात ठेवत आणि चित्र काढायचं तेवढा वेळ बाहेर काढत. उत्खननाचे मोठे साहेब पुण्याला गेले होते. ते येईपर्यंत तिची रेखाटनं पूर्ण करायची होती.

गावात ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. एका मंगळवारी दुपारी अक्का पुढे आणि मागे दहाबारा बायका, अशा त्या ओसरीशी आल्या. डोक्यावरून पदर, हातात हळदीकुंकवाच्या कोयऱ्या. नाना गडबडीनं उठून उभे राहिले.

"भाऊ," अक्का म्हणाली, "पांढरीतली माय निंघनी म्हने. आम्हले देखू द्या. हात लावाव नही आम्ही."

"अक्का, ती देवीच आहे असं सांगता येत नाही," नाना म्हणाले. "कुणा मुलीची बाहुलीही असेल."

"बाहुली झाकन लाईसनी कोन ठेवी?"

 नानांनी चटई टाकली, पाटावर कापूस पसरला आणि त्यावर तिला ठेवलं. बायका एकेक करून वाकल्या.  एका म्हातारीनं विचारलं, डोकं कुठंय. नाना म्हणाले, केलेलंच नाही. म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मंग आपलं कोनतंबी तोंड लाई घेवानं." कुंकू मूर्तीला लावू नका, डाग पडेल, असं नानांनी आधीच सांगितलं होतं. अक्कानं चिमूटभर कुंकू पाटासमोर जमिनीवर वाहिलं. नानांनी हरकत घेतली नाही. त्या गेल्यावरही ते कुंकू त्यांनी पुसलं नाही, त्याला वळसा घालून ते बसले.

त्या दुपारी नाना बोलले. कुणी काहीच न विचारता, मूर्तीकडे बघत, मी समोर आहे की नाही याची जणू त्यांना फिकीर नव्हती. ते म्हणाले, या लोकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून ते हिला काय म्हणत ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण बाईच्या अशा मूर्ती फक्त इथेच सापडतात असं नाही. सिंधूच्या काठी, त्याच्याही पलीकडे पश्चिमेच्या देशांत, जिथे जिथे माणूस धान्य पेरून एका जागी राहायला लागला, तिथे तिथे त्यानं मातीची बाई केली. काही ठिकाणी त्याच्याही आधी, शिकार करून फिरत होता तेव्हा, दगडाची, हाडाची. देव नंतर आले, त्यांची नावं, लग्नं, लढाया सगळं नंतर. "त्या माणसाला दोन गोष्टी दिसत होत्या," नाना म्हणाले. "जमिनीतून कणीस वर येतं आणि बाईतून माणूस बाहेर येतो. दोन्ही कसं होतं ते कळत नव्हतं. कुणाला तरी वाटलं असेल, हे एकच आहे. मग जमिनीलाच आई म्हटलं असेल." मग ते म्हणाले, "आणि बाळंतपणात बायका मरत असणार. फार मरत असणार. म्हणूनही केली असेल. हिला सांभाळा, म्हणून."

मी विचारलं, "मग डोकं का नाही केलं?"

"कुणी म्हणतं, तोंड केलं की ती एका कुणाची तरी होते. नाही केलं की सगळ्यांची." मग त्यांनी पेन्सिल उचलली. "मला काही माहीत नाही, शालू. मी फक्त मोजतो."

पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले, या विषयावर मिळेल ते वाचलं. आता जाणकार मंडळी सावध झाली आहेत. बाईची प्रत्येक मूर्ती म्हणजे आईदेवता, असं म्हणू नका, म्हणतात. काही खेळणी असतील, काही जादूटोण्याच्या असतील, काहींचं आपल्याला काहीच कळणार नाही. बरोबरच आहे ते, नानाही पहिल्यांदा तेच म्हणाले होते. पण वर्गात शिकवताना मला ती म्हातारी आठवायची आणि मी मुलींना तिचंही म्हणणं सांगायची.

मला त्या दुपारी राग आला होता. मायच्या नंतर नाना एवढं सलग कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते कुणा हजारो वर्षांपूर्वीच्या बाईबद्दल. आमच्या घरातल्या बाईबद्दल एक शब्द नाही. त्यात आणखी एक भीती मला काही दिवस छळत होती. मायचा चेहरा मला दिसेनासा झाला होता. हात दिसायचे, पातळाचा काठ दिसायचा, चुलीपुढची पाठ दिसायची. तोंड आठवायला गेलं की ते पाण्यात पडल्यासारखं हलायचं. तिचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

मूर्ती निघाली त्याच घराच्या जमिनीखाली मग एक मडकं सापडलं. खरं तर दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी निजवलेली. आत तान्ह्या मुलाची हाडं. त्या काळी लोक लहान मूल गेलं की घराच्या जमिनीखालीच असं ठेवत, हे मला नानांच्या माणसांकडून कळलं. बाहेर नेत नसत. नाना दिवसभर त्या खड्ड्यात उतरून चित्र काढत होते. जेवायला आले नाहीत. मी भाकरी बांधून पांढरीवर गेले तर ते खड्ड्याच्या काठावर बसले होते, गुडघ्यावर फळी आणि कागद. हाडं काडीएवढी बारीक. नानांनी ती सगळी काढली होती, एकही सोडली नव्हती. भाकरी त्यांनी घेतली आणि तशीच बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. सकाळी ओसरीवर कोरा कागद पुढ्यात घेऊन नुसते बसले होते. मला काय सुचलं कोण जाणे. मी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "नाना, मायचं चित्र काढाल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिलीला टोक केलं. कागदावर आधी अंबाडा आला, मग मानेची रेघ, खांदे, पदर. खांद्याचा तो उजवीकडे झुकणारा उतार अगदी तिचा होता. चेहऱ्याच्या जागी पेन्सिल येऊन थांबली. कागदाला टेकली, उचलली, परत टेकली. एक ठिपका उमटला आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मला पुढ्यात असलेलंच काढता येतं," ते म्हणाले.

मी कागद उचलायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांनी मला हात लावल्याला कित्येक महिने झाले होते.

"तुझी माय तापानं नाही गेली, शालू. बाळंतपणात गेली. सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या."

मला काहीच समजेना. त्या पावसाळ्यात माय दमलेली असायची, पातळ सैल नेसायची, मी काही विचारलं की दुसरंच बोलायची. घरात एवढी मोठी मुलगी असताना परत दिवस गेले, याची तिला लाज वाटत होती. मला कळू नये म्हणून तिनंच मला मामाकडे धाडलं होतं. हे सगळं नानांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राही.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"मुलगी होती. सकाळपर्यंत होती."

"कुठंय ती?"

"लहान मुलांना जाळत नाहीत," नाना म्हणाले. "पाचोऱ्याला आणलं. तुझ्या मायला घरी ठेवलं, माणसं जमायची होती. तेवढ्यात मीच गेलो. नदीकाठी, स्टेशनाच्या पलीकडे. टॉवेलात गुंडाळून नेलं. कुणाला बरोबर घेतलं नाही."

त्यांनी माझं मनगट सोडलं. मला रडू आलं नाही. एवढे महिने मी एका माणसासाठी रडत होते आणि नाना दोघांसाठी गप्प होते, आणि हे एकाच खोलीत चाललं होतं, असं काहीसं माझ्या मनात येत होतं. मला एक बहीण होती. ती एक रात्र होती आणि त्या रात्री मी जामनेरला मामेबहिणींबरोबर पत्ते खेळत असेन. नाना उठले, बाहेर जाऊन तोंड धुऊन आले आणि टोपलीतलं एक खापर घेऊन चित्र काढायला बसले. मी चूल पेटवली. त्या दिवशी मी केलेल्या भाकरी मात्र फाटल्या नाहीत. असल्या वेळी असलं काही लक्षात राहतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात, पोरी गौराईची गाणी म्हणत पाण्याला जातात. सुरतेहून लता आली, कडेवर वर्षाचं मूल घेऊन. अक्काच्या घरातला आवाज एकदम वाढला. खापरावर मांडे भाजल्याचा वास, कैऱ्या, सांजोऱ्या, आमरसाची पातेली. देवळीत टोपलीतल्या गव्हाच्या पिवळ्या कोंबांमध्ये लाकडाची गौराई बसली होती. लतानं मला झोक्यावर ओढून नेलं. पोरी माहेराची गाणी म्हणत होत्या. मी थोडा वेळ झोका घेतला आणि डोकं दुखतं असं सांगून परत आले. उत्खननाची माणसं केव्हाच गेली होती. चित्रं राहिली आहेत असं सांगून नाना थांबले होते. मला दिसत होतं, राहिलेली चित्रं चार दिवसांचीही नव्हती.

आखाजीलाच पितरांची घागर भरतात. गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात पाणी पोचावं म्हणून. आदल्या दिवशी अक्का ओसरीवर येऊन नानांसमोर उभी राहिली.

"भाऊ, पोरनी मायनी पहिली घागर शे ना औंदा?"

"पाचोऱ्याला माझा भाऊ भरेल," नाना म्हणाले.

"भाऊ भरी. पन बाई तुमनी व्हती."

 अक्का निघाली तेव्हा मी तिच्यामागे मागीलदारी गेले आणि तिला सगळं सांगितलं. मडक्यातलं मूल, टॉवेल, नदी. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी आपण होऊन काही सांगत होते. तिनं मला जवळ घेतलं नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. हातातलं सूप खाली ठेवून तिनं सगळं ऐकलं, आणि मग म्हणाली, "मालेबी दोन शेत तश्या. लताना पह्यले." तिलाही तशा दोन होत्या, लताच्या आधी. मी विचारलं, कुठे. तिनं पांढरीकडे हात केला. गाव मंगळवारी हळद वाहतं तिथे, बोरीखाली. तेव्हा मला कळलं, त्या दुपारी ओसरीवर आलेल्या बायकांपैकी कितीजणी कुणाला बघायला आल्या होत्या.

सकाळी अक्कानं दोन मडकी आणून ठेवली. एक घागर आणि एक अगदी लहान, पोरींच्या भातुकलीतलं वाटावं असं. गव्हाच्या राशीवर दोन्ही मांडली, घागरीच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. नानांना हाक मारली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून निखाऱ्यांवर तुपाची धार सोडली, एवढंच. ते आले. आंघोळ केलेले होते. पाटावर बसले.

"नाव घेईसनी पानी टाका," अक्का म्हणाली.

त्या काळी बायकोचं नाव घेणारा पुरुष मी पाहिला नव्हता. नाना तिला अगं किंवा ऐकलंस का म्हणत, बाहेर बोलताना आमच्या घरी म्हणत. त्यांनी तांब्या वाकडा केला आणि "यमुना" असं म्हटलं. अगदी साध्या आवाजात, ती आत आहे आणि तिला बोलवायचं आहे असं. मग लहान मडक्यापाशी तांब्या थांबला.

"हिचं नाव नाही ठेवलं," ते म्हणाले.

"नही तं नही. माय म्हना. पोरीसले मायच म्हनतस आपन."

नानांनी माय म्हटलं आणि पाणी टाकलं. मडकं इतकं लहान की लगेच भरून वाहू लागलं आणि गहू भिजला. मग त्यांनी निखाऱ्यावर घास टाकला. लताचं मूल रांगत रांगत आलं आणि भिजलेले गहू तोंडात घालू लागलं. अक्कानं त्याला उचललं आणि आम्हा दोघांना तिथे ठेवून ती बाहेर गेली. आम्ही निखारे विझेपर्यंत बसलो. बोललो नाही. पण ती ओसरीवरची शांतता नव्हती.

आठ दिवसांनी ट्रक आला. मूर्ती कापसात, कापूस डब्यात, डबा पेटीत. बायका पेटीच्या पाया पडल्या. पुढे ती कुठे गेली मला माहीत नाही. मोठेपणी मी दोनतीन संग्रहालयांत तिला शोधलं, तिच्यासारख्या दिसल्या, ती नाही दिसली. अक्का शिंदखेड्याच्या रस्त्यापर्यंत आली. मला तिनं सांजोऱ्यांचा डबा दिला आणि म्हणाली, "आखाजीले येत जाय." मी येईन म्हणाले आणि गेले नाही. दहावी झाली, धुळ्याला कॉलेज झालं, लग्न झालं. तिच्या जाण्याची बातमीसुद्धा मला फार उशिरा, भलत्याच माणसाकडून कळली.

पाचोऱ्याला पोचल्यावर पहिल्याच सकाळी नाना म्हणाले, "चल." आम्ही स्टेशनावरून रूळ ओलांडून नदीकडे गेलो. ऊन अजून कोवळं होतं. नाना पुढे चालत होते, झपझप, जणू उशीर झाला आहे. काठाशी बाभळी होत्या, त्या ओलांडल्या आणि ते थांबले. समोर काठच नव्हता. दोन पुरुष उंचीइतका उभा तासलेला कडा, खाली खड्डे, पाण्याची डबकी, आणि पलीकडे धूर निघत असलेली वीटभट्टी. नाना डावीकडे गेले, उजवीकडे गेले, एका बाभळीला हात लावून परत माझ्याकडे आले.

"इथंच कुठेतरी," ते म्हणाले.

खाली एक बाई साच्यातून विटा पाडत होती. तिचं लहान मूल लुगड्याच्या झोळीत निजलेलं होतं. नाना उतरून तिच्याजवळ गेले. मी वरून बघत होते. ही माती कधी नेली, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, हिवाळ्यापासून नेत आहेत, मालकानं घेतली आहे जागा. आणि विटा कुठे जातात, नानांनी विचारलं.

"कुठं जातील. गावातच," ती म्हणाली. "घरं बांधायला लागतात ना लोकांना."

नाना वर आले. त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरले होते. ते त्यांनी धुतले नाहीत, तसेच घरी आले. त्या उन्हाळ्यात पाचोऱ्यात बरीच नवी घरं उठली. शाळा सुरू झाल्यावर येता जाता मी त्यांच्या भिंती बघत जायची. गिलावा व्हायच्या आधीच्या, तांबड्या, उघड्या भिंती. एखाद्या घरात माणसं राहायला आलेली दिसली, आतून भांड्यांचा, पोरांचा आवाज आला, की मी थोडी थांबायची आणि मग पुढे जायची.